चंद्राचा पुठ्ठा

नाना काका अजून जिवंत आहेत, हे आधीच सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात आणि मला त्यांच्याबद्दल चांगलं काही लिहायचं नाही, म्हणून ते आहेत तोवरच हे प्रकरण उरकलेलं बरं. दहिसरला, नाक्याच्या अलीकडे, मुलाच्या घरी राहतात. दात नवे बसवलेत, सकाळी मफलर गुंडाळून फिरायला जातात, भेटेल त्याला तब्येतीचे सल्ले देतात. ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडिलांना, म्हणजे आमच्या अप्पांना, जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जरा जपून लिहावं लागेल. बघू किती जमतं ते.

आमची चाळ गोरेगाव पूर्वेला, एका स्टुडिओच्या मागच्या भिंतीला टेकून होती. भिंतीपलीकडे राजवाडे उभे राहायचे आणि आठवड्याभरात मोडायचे, आणि ते उभारणारे-मोडणारे सुतार, रंगारी, लाइटवाले दुपारी भिंतीअलीकडे आमच्याकडे जेवायला यायचे. अप्पांची गिरणी बंद पडली होती. त्यांना त्याच स्टुडिओच्या गेटवर वॉचमनचं काम मिळालं होतं, पण घर चालायचं ते आईच्या खानावळीवर. आमच्या दोन खोल्या. पुढची रस्त्याच्या बाजूला उघडायची, तिच्यात दोन लांब बाकडी आणि कोपऱ्यात आईचे दोन स्टोव्ह. मागच्या खोलीत आम्ही झोपायचो, आणि तिच्यामागे पत्र्याची पडवी, मोरी आणि उघडं गटार. सकाळपासून त्या पुढच्या खोलीत आवाजांची एक रीत होती. आधी स्टोव्हला पंप मारल्याचा, मग पाट्यावर खोबरं वाटल्याचा, मग तेलात तिरफळं पडल्याचा, आणि दुपारी जेवणाऱ्यांचा, जो खरं तर आवाज नसायचाच. भुकेली माणसं पहिली दहा मिनिटं बोलत नाहीत. उकडा भात, बांगड्याचं तिखलं, कधी नुसती कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बोंबील, वर सोलकढी. आरे कॉलनीतल्या गोठ्यांवर काम करणारे दोन भय्ये मासे खात नसत, त्यांच्यासाठी ती वेगळी डाळ करायची. उठताना कुणी ना कुणी म्हणायचंच, वहिनी, तुमच्या हाताला यश आहे. आई नुसती पदराने कपाळ पुसायची. तिला शाळा नव्हती, दागिना नव्हता, माहेरही नावालाच होतं. हाताला यश आहे, एवढी एकच मिळकत तिच्या नावावर होती, आणि ती तिला पुरायची.

नाना काका तेव्हा बिनलग्नाचे, आमच्याकडेच असत. त्यांचा प्रत्येक नवा धंदा झकास असायचा आणि थोड्याच दिवसांत त्याची वाट लागायची. दुबईचं झालं, कोंबड्यांचं झालं, व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देण्याचं झालं. एके दुपारी माणसं पानावर बसलेली असताना दारात टेम्पो थांबला आणि चार हमालांनी लाकडाचं एक उभं धूड उतरवलं. एखाद्या बंद पडलेल्या हॉटेलातलं ते व्हिडिओ गेमचं मशीन होतं. काका उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "वयनी, तुझी बाकडी जरा भायर काढ. ह्या हय रवतला आता."

आईच्या हातात आमटीचा डाव होता. तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते, आणि त्यावरून तिला कळलं की ह्यांना आधीपासून माहीत होतं. जेवणाऱ्यांनी ताटं उचलून ओट्यावर बसून भात संपवला. संध्याकाळपर्यंत स्टोव्ह, पाटा-वरवंटा, डबे, सगळी खानावळ मागच्या पडवीत गटाराशेजारी गेली. गटारापाशी बसून जेवायला कोण येणार? एकेक करून माणसं कमी झाली. सुतार आधी गेले, मग लाइटवाले. गोठ्यावरचे भय्ये तेवढे येत राहिले, त्यांना वासाची सवय होती.

आता त्या मशीनबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्याच्या पोटातल्या रचनेमुळे झालं. पुढून बघणाऱ्याला वाटायचं, आत एक टीव्ही आहे, त्यावर मागे चंद्राचा डोंगराळ पृष्ठभाग आहे आणि त्याच्यासमोर राक्षसांच्या रांगा हवेत तरंगत खाली सरकत आहेत. तुम्ही खालून तोफ चालवायची आणि त्यांना टिपायचं. पण तसं काहीच नव्हतं. टीव्ही खाली पोटात उताणा पडलेला होता, आभाळाकडे तोंड करून, आणि त्याच्यावर चित्र उलटं उमटायचं. त्याच्या वर एक काच तिरकी बसवलेली. ती अर्धा आरसा, अर्धी काच. खालच्या टीव्हीचं चित्र तिच्यात सुलटं होऊन दिसायचं, आणि त्याच वेळी तिच्या आरपार मागचं दिसायचं. मागे होता एक पुठ्ठा. त्यावर कुणीतरी परदेशी रंगाऱ्याने चंद्र काढला होता, खड्डे, डोंगर, पिवळसर-केशरी, आणि त्यावर जांभळी ट्यूबलाइट सोडलेली. टीव्ही काळा-पांढराच. त्याला हिरव्या आणि केशरी कागदाच्या पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या, म्हणून राक्षस खाली येताना रंग बदलताहेत असं वाटायचं. सगळं नाटकातल्या सेटसारखं, म्हणजे आमच्या भिंतीपलीकडे चालायचं तेच, फक्त कपाटात मावणारं.

हे मला कळलं ते अंधेरीहून दुरुस्तीला येणाऱ्या इस्माईलभाईमुळे. मशीन परदेशी विजेवर चालणारं, म्हणून त्याला एक वेगळा ट्रान्सफॉर्मर जोडलेला होता. तो दिवसभर घुं करायचा, आणि दर काही दिवसांनी काहीतरी जळायचं. मग इस्माईलभाई मागचं दार उघडून आत डोकं घालायचा आणि बॅटरी धरायला मी. काकांना आतलं बघायचा कंटाळा. इस्माईलभाईला बोलायची हौस होती. आवाजाची सर्किटची पाटी वेगळी, चित्राची वेगळी. राक्षस चालायला लागले की धप, धप, धप, धप असे चार ठोके वाजायचे, आणि जसजसे ते मरतील तसतसे उरलेले जोरात धावायचे आणि ठोकेही धावायचे. का, तर म्हणे मशीनचा मेंदू एका वेळी एकालाच पुढे सरकवतो. गर्दी असली की पाळी उशिरा येते, गर्दी कमी झाली की लवकर येते. बनवणाऱ्याने ते ठरवून केलं नव्हतं, आपोआप झालं आणि चांगलं दिसलं म्हणून त्याने तसंच ठेवलं. आधी राक्षसांच्या जागी माणसं काढायची होती, पण माणसांना गोळ्या घालणं वाईट दिसेल म्हणून कुणीतरी नको म्हटलं, हेही त्यानेच सांगितलं. "किसी ने तो सोचा," तो म्हणाला. काच दाखवून मात्र त्याने काकांना हाक मारली आणि माझ्यासमोर बजावलं, "नाना, इस कांच को हाथ नहीं लगाने का. कोटिंग ऊपर है, खुल्ला. कपड़ा मारा तो निकल जाएगा." काका सिगारेट ओढत हो हो म्हणाले.

लोक आज मला म्हणतात, त्या मशीनमुळेच तुला सर्किटांची गोडी लागली, पुढे तू अंधेरीच्या कारखान्यात आयुष्यभर तेच काम केलंस, म्हणजे काकांचे उपकारच. मला गोडीबिडी लागली नव्हती. मला पोट होतं.

आईने ते मशीन पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्याबरोबर, काका बाहेर गेलेले असताना. ती बराच वेळ रांगांकडे बघत राहिली आणि मग तिने ओळख पटवली. "ह्यो तर माकूल. आणि ही बघ कुर्ली." खरंच होतं ते. वरचे माकूल, म्हणजे हॉटेलवाले ज्याला स्क्विड म्हणतात ते, मधल्या कुर्ल्या म्हणजे खेकडे, आठ पायांचं तेही समुद्रातलंच. ती म्हणाली, "कुर्लेक गोळ्ये घालून कोण मारता? शेंगडे मोडूचे नि रश्शात टाकूची." आम्ही दोघी हसलो. त्या मशीनसमोर आम्ही हसलो ते तेवढंच.

बाकी सगळा वेळ भांडणाचा होता. आईचं आणि काकांचं नव्हे, ती भांडायचीच नाही. माझं आणि काकांचं. पुढच्या खोलीत दिवसभर पोरं, त्यांच्या शिव्या, विड्यांचा धूर, आणि ते चार ठोके. मी मागच्या खोलीत दहावीचा अभ्यास करायचे तेव्हा ते ठोके भिंतीतून माझ्या मांडीवरच्या पुस्तकापर्यंत यायचे. पाणी भरायला पुढून जावं लागे, तर पोरं मुद्दाम पाय आडवे घालायची आणि काका हसायचे. मी अप्पांना सांगितलं, तर अप्पा म्हणाले, "तो स्थिर होऊ दे गो आधी." माझ्या लहानपणी त्यांच्या तोंडी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मला वाटायचं, काका म्हणजे वाऱ्यावर ठेवलेलं निरांजन आहे आणि आम्ही बाकीचे सगळे ओंजळी.

आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट आहे त्याची पूजा असते. त्यासाठी आदल्या दिवशी आई सगळं धुऊन घासून ठेवायची. अप्पांनी गिरणीतून आणलेला जुना धोटा, तिची विळी, पाटा-वरवंटा, स्टोव्ह, माझी पुस्तकं, सगळं देवासमोर मांडलं जायचं. त्या वर्षी काका सकाळीच म्हणाले, "वयनी, उद्या मशीनची पण पूजा. भायरसून आतसून सगळा लखलखीत कर. ही घे मागच्या दाराची चावी." मी तेव्हा वेणी घालत होते, माझ्यासमोर म्हणाले. मी आतल्या काचेबद्दल काही बोलायच्या आत शाळेची वेळ झाली असं नव्हे. माझ्या डोक्यातच आलं नाही की आई आतून म्हणजे खरंच आतून करेल. काकांच्या डोक्यात यायला हवं होतं. बजावलं त्यांना होतं.

मी शाळेतून आले तर आई मशीनच्या पाठीमागे बसलेली, हात कोपरापर्यंत राखेने माखलेले, शेजारी चिंचेचं पाणी. देवाची समई जशी घासायची तशी तिने ती काच घासली होती. तिने मला फडकं दाखवलं. "बघ गो सुलू, किती काळा निघाला. ह्येन कधी फडको म्हणान मारल्यान नाय." ती खूश होती. ज्या वस्तूने तिची खोली घेतली ती वस्तू तिने इतक्या मनापासून घासली होती, कारण उद्या तिची पूजा होती आणि पूजेच्या वस्तूशी वैर धरत नाहीत. फडक्यावरचा काळा-करडा डाग बघून मला इस्माईलभाईचं कोटिंग आठवलं. मी म्हटलं, आई, बस आता. ती म्हणाली, झालाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनला झेंडूचं तोरण, आंब्याची पानं, कुंकवाची पाच बोटं. पुढे पाटावर नारळ. चाळीतली माणसं जमली, पोरं तर उजाडल्यापासून दारात. काकांनी बटण दाबलं. जांभळी ट्यूब लागली आणि आत चंद्र उजळला, इतका स्वच्छ की त्याच्या एकेका खड्ड्याची कड दिसत होती. आणि त्याच्यावर कुणी नव्हतं. धप, धप, धप, धप आवाज येत होता, पण राक्षस नव्हते. डोळे बारीक करून बघितलं तर पुसट काहीतरी सरकल्याचा भास व्हायचा, तेवढाच. एक पोरगा म्हणाला, "काय नाना, नुसता चंद्रच बघायचा का?" आणि सगळे हसले. मला वाटतं, ते हसले नसते तर पुढचं झालं नसतं. काकांना नुकसान सोसायचं, हसू नाही.

त्यांनी मागे जाऊन काच पाहिली. परत आले तेव्हा तोंड लाल होतं. "आकसान केल्यान," ते अप्पांना म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना जाईल असं. "हिका माझो धंदो बघवणा नाय."

आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. मी म्हटलं, "काका, चावी तुम्हीच दिलीत. आतून कर म्हणालात. इस्माईलभाईने तुम्हाला सांगितलं होतं." शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत अप्पांची थप्पड बसली. अप्पांनी मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. नंतरही नाही. जपून लिहीन म्हटलं होतं, पण हे एवढं जपून लिहिता येत नाही.

मग काकांनी गाऱ्हाणं घातलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या कोकणात देवापुढे नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतात, एक जण बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. लग्न, आजार, शेत, परीक्षा, कशासाठीही घालतात. बहुतेक वेळा भल्यासाठी. काका नारळावर हात ठेवून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज दसऱ्याच्या दिवशी तुझ्यापुढे ह्यो नारळ ठेवलेलो आसा. ज्या कोणी आकसान माझ्या पोटार पाय दिल्यान, तेका सुखाची झोप देव नको रे म्हाराजा." लोक जरा घुटमळले, पण गाऱ्हाण्याला जबाब न देणं आमच्यात अशुभ. दोघं-चौघं पुटपुटले, व्हय म्हाराजा. "तेच्या हाताक येस देव नको रे म्हाराजा."

मी अप्पांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. आवाज आला. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे ऐकण्यात चूक होण्याचा प्रश्न नाही. आपल्या बायकोच्या हाताला यश नको, ह्याला माझे वडील व्हय म्हाराजा म्हणाले. आईनेही ते ऐकलं. तिने आरतीचं ताट पाटाशेजारी ठेवलं, पदर नीट केला आणि मागे पडवीत निघून गेली.

त्या दिवशी वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. पहिला वडा फुगला नाही. पीठ ताटकळलं होतं, स्टोव्ह नुकता पेटवलेला, तेल तापलं नव्हतं, ह्यात देव कुठून आला? पण आईने तो चपटा वडा झाऱ्यावर घेतला आणि आपल्या हाताकडे पाहिलं. शेजारच्या कांबळे मावशी पांढरी साडी नेसून आपल्या कार्यक्रमाला निघाल्या होत्या, त्यांनी पुढचा सगळा तमाशा पाहिला होता. त्या मुद्दाम मागच्या बाजूने आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, शापबिप काय नसतं. नारळ फुटला, खोबरं खाल्लं, संपलं. त्या माणसाला अक्कल नाय." आई म्हणाली, "तुमका नाय लागणा, बाय. आमका लागता." मावशी थोडा वेळ तिच्याजवळ बसल्या आणि मग त्यांनी दोन वडे मागून घेऊन तिच्यासमोर खाल्ले. त्या घरात त्या दिवशी माणुसकीने वागलेलं ते एकच माणूस, आणि ते आमचं कुणी नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी इस्माईलभाई आला. त्याने काच पाहून कपाळाला हात लावला. तशी काच इथे कुठे मिळणार? पण त्याने दुसरी युक्ती काढली. साधी काचही थोडंफार प्रतिबिंब दाखवतेच, फक्त मागे उजेड नको. चंद्र काढून टाका, जांभळी ट्यूब काढा, मागे काळा कागद लावा. त्याने पुठ्ठा ओढून बाहेर काढला, भिंतीला टेकवला, आत काळा कागद ठोकला आणि मशीन चालू केलं. काळोखावर सगळे माकूल आणि कुर्ल्या परत आल्या. काकांनी पेढे आणले. पोरांना चंद्राचं काहीच नव्हतं, त्यांना गोळ्या घालायच्या होत्या.

तेव्हा आई पुढच्या खोलीत आली. मशीन आल्यापासून पूजेचे दोन दिवस सोडले तर काका असताना ती तिथे पाय ठेवत नसे. ती काकांना म्हणाली, "भावजी, मशीन चालू झाला. आता गाऱ्हाणा मागे घ्या." गाऱ्हाणं मागे घेता येतं. दुसरा नारळ ठेवायचा आणि बोललो ते मागे घेतो म्हणायचं, एवढंच. काका पेढ्याचा खोका पुढे करत हसले. "मशीन चालू झाला नि आता कसला गाऱ्हाणा, वयनी? पेढो खा." तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "विषय संपलो."

आईने पेढा घेतला नाही. भिंतीला टेकलेला पुठ्ठा तिने उचलला, मागे नेला आणि पडवीत स्टोव्हच्या पाठीशी उभा केला, कांबळे मावशींच्या भिंतीवर धूर जाऊ नये म्हणून. मग ती भात लावायला बसली. पिवळा-केशरी चंद्र तिच्या कढईमागे उभा राहिला आणि ती त्याच्यासमोर, आणि पुढे चाळ पडेपर्यंत ते दोघं तसेच राहिले.

विषय संपला नाही. त्या दिवसापासून आई प्रत्येक पदार्थ उतरवला की मला हाक मारायची, वाटीत थोडंसं घालायची आणि विचारायची, "चव आसा मा गो?" मी म्हणायचे, आहे. ती परत विचारायची. पोट भरून जेवलेल्या माणसालाही विचारायची. गोठ्यावरचा भय्या एकदा म्हणाला, माँजी, रोज क्यों पूछती हो, आणि ती ओशाळली, पण दुसऱ्या दिवशी विचारलंच. डाळ लागली, दूध नासलं, मला टायफॉइड झाला, अप्पा गेले, सगळं ती त्या नारळाशी नेऊन जोडायची. मी चिडायचे. सायन्स सांगायचे, काच, कोटिंग, प्रतिबिंब. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ता खरा गो. पण तेनी मागे घेतल्यान नाय." त्या मशीनला आकडे लक्षात ठेवायची सोयच नव्हती. बटण बंद केलं की दिवसभराचे विक्रम साफ, सकाळी पाटी कोरी. घरात तेवढं एकच सुखी होतं. रंगीत खेळ आले तसे काकांनी ते भंगारात विकलं, लग्न केलं, पुढची खोली आपल्या वाट्याची म्हणून धरून ठेवली आणि चाळ पडली तेव्हा तिच्या जागी फ्लॅट घेतला. माझ्या आईची खोली ती. हे मी दर वेळी लिहीन, कुणाला कंटाळा आला तरी.

आई आता माझ्याजवळ बोरिवलीला असते. ऐंशीच्या आसपास आहे. स्टुलावर बसून अजून पिठी ढवळते, आणि ढवळून झाली की विचारते.

गेल्या पावसाळ्यानंतर काकांचा मुलगा रोहन आला. पोरगा वाईट नाही, फक्त बापाचा आहे. त्याने मित्राबरोबर अंधेरीला जुन्या खेळांचं कॅफे काढलंय. तिथे पोरं महागडी कॉफी पीत तेच खेळ खेळतात. त्याला कुठूनतरी तसंच मशीन मिळालंय, तिरकी काचसुद्धा मिळालीय, नवी करून घेतली. "ताई, सगळं ओरिजिनल आहे, फक्त मागचा चंद्र नाही. बाबा म्हणाले, काकूने नेला होता. कुठे मिळत नाही ग तो. प्रिंट काढून मजा येत नाही."

मी म्हटलं, "आहे. माळ्यावर, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला."

त्याचे डोळे चमकले. "देशील?"

"देईन. तुझ्या बाबांना इथे आण. नारळ घेऊन. कशासाठी ते त्यांना माहीत आहे."

तो हसला. "काय यार ताई, आजच्या काळात?" मी म्हटलं, आजच्या काळात पुठ्ठ्याचा चंद्र मागायला तू नाही का आलास.

काका आले. पुढच्याच रविवारी रिक्षातून, मफलर आणि पिशवीत नारळ. जिना चढून धापा टाकत होते. मी पाणी दिलं, बाकी काही नाही. आई स्वयंपाकघरात स्टुलावर होती, बाहेर आली नाही. मी देवासमोर पाट मांडला. काकांनी नारळ ठेवला, हात ठेवला आणि घसा खाकरला. नव्या दातांमुळे आवाज फुसका येत होता. "बा देवा म्हाराजा. मागे जा काय बोललंय, ता मागे घेतंय रे म्हाराजा. वयनीन आकसान करूक नाय. मीच चावी दिललंय." मग थांबले. "वयनीच्या हाताक येस दी रे म्हाराजा."

जबाब द्यायला आम्ही दोघंच होतो. रोहनला रीत माहीत नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं, वाट बघितली. मी तोंड उघडलं नाही. एकदा त्या घरात सगळ्यांनी म्हटलं होतं, माझ्या बापासकट. आता मी नाही म्हणणार.

आतून आईचा आवाज आला, स्वच्छ, चढा. "व्हय म्हाराजा."

नंतर तिने काकांना बसवून पिठी-भात वाढला. मला नको होतं, पण तिचं स्वयंपाकघर आहे. काका मान खाली घालून जेवले. आई स्टुलावर बसून त्यांच्या ताटाकडे बघत होती. मी वाट बघत होते, आता विचारेल, आता विचारेल. तिने विचारलं नाही. ताट संपलं, काका हात धुवायला उठले, आणि तिने नुसतं पदराने कपाळ पुसलं. मला बेसिनच्या नळाकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

रोहनने माळ्यावरून गुंडाळी उतरवली. दिवाणखान्यात जमिनीवर ठेवून लुगड्याची गाठ सोडली आणि तसाच बसून राहिला. आत एक काळा पुठ्ठा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तेलकट, जाड, हाताला लागेल असा काळा. त्याने उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.

"ताई, ह्यात चंद्र कुठेय?"

"आहे ना, खाली," मी म्हटलं. "माझ्या आईच्या स्टोव्हची काजळी आहे ती, गटाराशेजारची. बाबांना विचार, कशी घासायची. राख आणि चिंच लाव. लखलखीत निघतं."